ते पिल्लू

सगळ्या माद्याच आहेत, असं त्या माणसानं मला दोनदा सांगितलं. एकदा मराठीत, आणि मी तरीही मान हलवली म्हणून पुन्हा परभणीच्या बाजारी हिंदीत, "साहब, एक भी नर निकला तो पैसे वापस." मोटारसायकलच्या मागं बांधलेल्या जाळीच्या पेटीत चारपाचशे पिल्लं चिवचिवत होती. गुलाबी, हिरवी, पिवळी, दोनचार तर जांभळी. रंगपंचमीला अजून बरेच महिने होते. दहा रुपयाला एक. मी दहा घेतली. पैसे परत मागायचे तर आधी तो माणूस परत सापडायला हवा, ही साधी गोष्ट नोकरीत तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या मला त्या वेळी सुचली नाही.

जिंतूर रोडला आमचं घर आहे. मागं मोरीचं पाणी जिरतं तिथं एक शेवगा, एक पपई आणि त्यापलीकडं गुंठाभर मोकळी जागा. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी पाळावं असं कुठंतरी वाचलं होतं. कुत्र्याला बायकोचा विरोध होता, मांजराला मुलीचं नाक. कोंबडीला कुणाचाच विरोध नव्हता, कारण कोंबडी घरचं अंडं देते आणि घरच्या अंड्याला विरोध करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दहातली तीन पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली. सात राहिली. त्यांचा रंग उडत गेला, आतून पांढरी पिसं आली, आणि मग एकेकाच्या डोक्यावर लाल तुरा फुटायला लागला. आधी एकाचा. मी म्हटलं, असू दे, एखादा लागतोच. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. महिना-दीड महिन्यात सातही जण डोक्यावर लाल टोप्या घालून अंगणात एकमेकांच्या अंगावर धावत होते, आणि संक्रांतीला गावाहून आलेली माय ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होती.

"सात भाऊ आणलेस रं बाबा," ती म्हणाली. "आता ह्येंच्या सोयरिकी कुठं बघायच्या?"

आमच्या गल्लीत पशुवैद्यक शिकवून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहतात. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळं या गावात पिकाचा आणि जनावराचा सल्ला रस्त्यात उभ्या उभ्या, पिशवीतली कोथिंबीर न ठेवता मिळतो. मी त्यांना माझी फसवणूक सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मादी असती, तर तुम्हाला दहा रुपयात मिळाली असती का?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझा राग त्या मोटारसायकलवाल्यावरून उडाला आणि कुणावर बसावा हे न कळून तसाच घिरट्या घालत राहिला. अंड्यांसाठी वेगळ्या जातीच्या कोंबड्या असतात, मटणासाठी वेगळ्या. अंड्यांच्या जातीतला नर हा या धंद्यात सगळ्यात निरुपयोगी जीव. अंडं देत नाही, आणि ब्रॉयलरसारखा सहा आठवड्यांत अंगही धरत नाही. म्हणून उबवणी केंद्रात पिल्लू जन्मलं की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या पेट्यांतून अंड्यांच्या फार्मवर जातात. नर बहुतेक ठिकाणी तिथंच मारून टाकतात. जगभरात वर्षाला असे काहीशे कोटी. त्यातले थोडे कुणीतरी स्वस्तात उचलतो, रंगात बुडवतो आणि शाळा सुटायच्या वेळेला गल्लीत आणतो.

म्हणजे माझी पिल्लं ही आधीच नापास झालेली मुलं होती. त्यांचा निकाल माझ्या दारात येण्यापूर्वीच कुणाच्या तरी अंगठ्यानं लावलेला होता.

अंगठा हा शब्द मी उगीच वापरलेला नाही. ही विद्या अंगठ्याचीच आहे आणि ती जपानची. तिथले कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात शोधून काढलं, की एका दिवसाच्या पिल्लाच्या शेपटीखालचं द्वार हलक्या हातानं दाबून उघडलं तर आत एक अगदी बारीक उंचवटा दिसतो. नरात तो जरा गोल आणि घट्ट असतो, मादीत बहुतेक नसतो किंवा चपटा असतो. जरा, किंवा, बहुतेक: सगळं शास्त्र या तीन शब्दांवर उभं आहे. १९२७ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथं जपान्यांनी हे जगापुढं मांडलं. नंतर जपानात त्याच्या शाळा निघाल्या आणि तिथून शिकलेली माणसं पिल्लं तपासायला देशोदेशी गेली. मुरलेला माणूस तासाला हजारभर पिल्लं हातावेगळी करतो, आणि शंभरात एखाद-दुसरंच चुकतं. कसं ओळखलं असं विचारलं तर त्यालाही नीट सांगता येत नाही, म्हणून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक 'कळणं म्हणजे काय' हे समजावताना याच लोकांचं उदाहरण देतात. शिकवायची पद्धत अशी, की नवख्यानं पिल्लू उचलायचं, अंदाज सांगायचा आणि शेजारी बसलेल्या गुरूनं हो किंवा नाही म्हणायचं. हजारो पिल्लांनंतर एके दिवशी नाही म्हणणं थांबतं.

आमच्याकडं सुतार, सोनार आणि भाकरी थापणाऱ्या बायका अशाच तयार होतात. भाकरी कितपत पातळ, हे मायनं माझ्या बायकोला कधीही सांगितलेलं नाही. फक्त नाही म्हटलेलं आहे.

त्या सात भावांचं पुढं काय झालं ते सांगत बसत नाही. रस्सा पातळ झाला एवढंच. "नुसती हाडं उकडल्यावानी लागायलंय," असं म्हणून मायनं ताट सारलं आणि दुसऱ्या दिवशी गावाकडं फोन लावायला सांगितला. चौथ्या दिवशी गावच्या जीपमधून डालग्याखाली झाकलेली तिची तांबडी कोंबडी आली आणि तिच्यासोबत एक थोराड कोंबडा आला, जो उतरता उतरताच जीपवाल्याला चावला.

तांबडी खुडूक झाली तेव्हा मायनं अंडी निवडायला घेतली. एकेक अंडं कानाशी हलवून, उजेडात धरून, शेवटी तळहातावर फिरवून. टोकदार अंडी बाजूला, गोल अंडी टोपलीत. टोकदारातून कोंबडा निघतो, गोलातून तलंग. तलंग म्हणजे अंड्यावर यायची वयात आलेली कोवळी कोंबडी. हा शब्द उच्चारताना मायच्या आवाजात जे येतं, ते नव्या लुगड्याबद्दल बोलतानाही येत नाही.

हा वाद जुना आहे. ॲरिस्टॉटलनं नेमकं उलटं लिहून ठेवलंय: लांबट, टोकदार अंड्यातून मादी आणि गोल अंड्यातून नर. त्याच्यानंतर तीनचारशे वर्षांनी रोमन लेखक कोलुमेलानं, नर हवे असतील तर लांब टोकदार अंडी बसवा, माद्या हव्या असतील तर गोल, असं सांगितलं. म्हणजे आमची माय कोलुमेलाच्या पंथाची. डॉक्टरांच्या मते दोघेही चूक, अंड्याच्या आकाराचा आतल्या जिवाशी काही संबंध नाही. हे मी मायला सांगितलं. "डाक्टरला इचार, त्येच्या घरी किती कोंबड्या हायेत," ती म्हणाली. डॉक्टरांच्या घरी एक पोपट आहे.

तेरा गोल अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी, पाडव्याच्या दोन दिवस अलीकडं, अकरा फुटली. एक मांजरानं नेलं, एक घारीनं. नऊ राहिली. आणि आमच्या घराला एक कामधंदा मिळाला.

नऊ पिल्लं समोर असली की कुणालाही राहवत नाही. दूधवाला यायचा, किटली खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यो नर." मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला पोरगा मीटरकडं पाठ करून उभा राहायचा. "काकू, पाय जाड हाय ना, त्यो कोंबडा." गॅसवाल्याची रीत वेगळी: पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचं, मान वर उचलली तर नर, लोंबती ठेवली तर मादी. बायकोची एक मैत्रीण म्हणाली, डोक्यावरून एकदम टॉवेल फिरवायचा. जे ताठ उभं राहून बघतं ते नर आणि जे खाली बसतं ते मादी. तिनं टॉवेल फिरवला. नऊच्या नऊ पिल्लं तांबडीच्या पंखाखाली गेली आणि तो थोराड कोंबडा मैत्रिणीच्या अंगावर आला. उत्तर दोन्हींपैकी एकच असणार, त्यामुळं निम्म्या वेळा सगळेच शहाणे ठरत होते आणि कुणीही आपली पद्धत सोडायला तयार नव्हतं.

मुलगी बारावी विज्ञानाला. तिनं मोबाईलवर बघून पंख तपासायचं काढलं. पहिल्या एक-दोन दिवसांत पंखाची पिसं दोन लांबींची असतील तर मादी, एकाच लांबीची असतील तर नर. सगळ्या पिल्लांचे पंख पंख्यासारखे उघडून तिनं वहीत मांडणी केली: आठ माद्या, एक नर. माय एवढी खूश झाली, की तिनं नातीला पन्नास रुपये दिले. डॉक्टरांनी संध्याकाळी ते पन्नास रुपये पाण्यात घातले. पिसं लवकर किंवा उशिरा फुटण्याचा गुण आई-बापात मुद्दाम निवडून, जुळवून आणलेला असेल, तरच पंखावरून कळतं. व्यापारी जातींत तसं करतात. गावरान कोंबडीच्या अंगात सात गावचं रक्त, तिच्या पंखावर काय लिहिलेलं असणार?

"मग रंगावरून?" मुलगी हट्टाला पेटली होती. रंगावरूनही कळतं, पण तेही अशाच जुळवलेल्या जातींत. आणि त्या वाटेनं आधी गेलेला माणूस तिच्या ओळखीचाच निघाला. बारावीच्या जीवशास्त्रात ज्याचा चौकोन आहे, तोच पनेट. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कोंबड्यांना घालायला दाणा नव्हता. तेव्हा पिसांच्या रंगावरून नर पहिल्याच दिवशी ओळखून काढले तर त्यांच्यावर जाणारा दाणा वाचेल, असं त्यानं सुचवलं होतं. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वर्षं ज्या चौकोनात ती मुकाट्यानं अक्षरं भरत होती, त्याच्या मागं खुराडं होतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच रात्री जेवताना ती बोलता बोलता म्हणाली, "आजी, कोंबड्यांमध्ये पिल्लू नर होणार का मादी, हे कोंबडीवर असतं. कोंबड्यावर नाही."

"अन् माणसात?"

"माणसात उलटं. बाबांवर."

सांगायचा अर्थ असा, की नर पक्ष्यात एकाच तऱ्हेची दोन गुणसूत्रं असतात, झेड-झेड. मादीत दोन तऱ्हेची, झेड आणि डब्ल्यू. तिच्याकडून कुठलं जाईल त्यावर पिल्लाचं ठरतं. आपल्यात दोन तऱ्हेची गुणसूत्रं पुरुषाकडं, म्हणून ठरवणारा तो. मुलीनं हे ताटातल्या वरणात बोटानं काढून दाखवलं. मायनं सगळं शांतपणे बघितलं. माझ्या आधी मला तीन बहिणी. तिसरीच्या वेळी आजीनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, हे मला मोठ्या बहिणीकडून माहीत आहे. माय कधी बोललेली नाही. मी झालो तेव्हा शिवेवरच्या म्हसोबाला कोंबडा दिला. म्हणजे माझ्या नर असण्याची किंमत एका नरानंच मोजलेली आहे.

"आसं व्हय," माय म्हणाली, आणि उठून हात धुतले. मग बैठकीत गेली. तिथं आजीचा फोटो आहे, हार घातलेला. पदरानं काच पुसता पुसता ती फोटोशी काहीतरी बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण पुसायला बराच वेळ लागला.

आमच्या गावात, किंवा कुठल्याही गावात, सोनोग्राफीच्या दवाखान्याबाहेर पाटी असते, की इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध कायदा केला १९८८ मध्ये, देशानं १९९४ मध्ये. ज्या घरांना ती पाटी वाचून दाखवावी लागते, त्याच घरांच्या परसात बघा: तिथं मुलगी हवी असते. एकही कोंबडा नको, सगळ्या तलंगा निघाव्यात म्हणून बायका गोल अंडी निवडत असतात. सरकारही याच मताचं. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत जो तलंगांचा गट देतात, त्यात पंचवीस माद्या आणि तीन नर. पंचविसाला तीन! आणि तीनसुद्धा सढळ हातानं दिलेत असं मायचं मत.

परभणीच्या माणसाला 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण सांगावी लागत नाही. तिचा उगम कुणाला विचारू नये; पाच जण सहा गोष्टी सांगतात. पण डॉक्टरांनी मला जर्मनीची जी हकिगत सांगितली, तिच्यानंतर मला या म्हणीत प्रथमच काही अर्थ असल्यासारखं वाटलं. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत एका दिवसाची नर पिल्लं मारायला कायद्यानं बंदी आहे. मग तिथल्या उबवणी केंद्रांनी काय करावं? त्यांनी अंड्यातच बघायला सुरुवात केली. अंड्यावर विशिष्ट प्रकाश टाकून, किंवा सुईच्या टोकाएवढं भोक पाडून थेंबभर द्रव काढून, आतला जीव नर का मादी ते ठरवतात, आणि नराचं अंडं उबवणीतून बाहेर. मारायचं नाही म्हणून जन्मूच द्यायचं नाही. आपल्याकडं ज्या गोष्टीवर बंदी आहे, ती तिथं दयेपोटी करतात. यात कोण पुढं आणि कोण मागं, याचा मी दोनतीन रात्री विचार केला. मग ऊन वाढलं, परभणीचा पारा त्रेचाळीसला टेकला, आणि पिल्लांसाठी रांजणाशेजारी ओलं पोतं टाकायच्या कामात तो विचार राहून गेला.

पण एक गोष्ट त्या उन्हाळ्यात डोक्यातून गेली नाही. मराठीनं ही सगळी अडचण फार पूर्वीच सोडवून ठेवली आहे. ते पिल्लू. हिंदीत चूजा पहिल्या दिवसापासून पुल्लिंगी. आपल्याकडं ते वासरू, ते रेडकू, ते करडू, ते शिंगरू, ते लेकरू. जन्मताना सगळे नपुंसकलिंगी. मग वासराचा गोऱ्हा होतो नाहीतर कालवड. रेडकाचा हल्या नाहीतर वगार. करडाचा बोकड नाहीतर पाठ. बाकीच्यांचं शेपटी उचलली की कळतं, भाषेनं उगीच भिडस्तपणा दाखवलेला असतो. पिल्लाच्या बाबतीत मात्र व्याकरण आणि निसर्ग एकाच वेगानं चालतात. महिना-दीड महिना ते खरोखरच 'ते' असतं. नऊही पिल्लांना सारखा भगरा पडतो, सारखी कणी, सारखं पाणी. कुणाला नाव नाही, कुणाचं भविष्य नाही. मग तुरा लाल होतो आणि सर्वनाम बदलतं. 'तो' झाला की त्याच्याकडं बघणाऱ्याची नजर मांडीवर जाते. 'ती' झाली की टोपलीवर.

आणि गंमत म्हणजे शेवटी पुन्हा 'ते' होतं. पाहुणे आले की आपण 'कोंबडं कापलं' म्हणतो. झाकलेलंही कोंबडंच असतं, तांबडं फुटायचं थांबो ना थांबो. पातेल्यात गेलेल्याचं लिंग मराठी विचारत नाही.

सरकारी कागदात आणखी निराळं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मग आजूबाजूच्या हजारो मारायचा हुकूम झाला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि आदेशांत सगळीकडं एकच शब्द होता: पक्षी. इतके पक्षी मृत, इतके पक्षी नष्ट. माय तेव्हा गावी होती, मुरुंब्यापासून लांब, तिच्या कोंबड्यांना काही झालं नाही. पण महिनाभर तिच्या खुराड्याकडं कुणी फिरकलं नाही, अंडं कुणी फुकट घेईना. तो एक महिना तिला कुणी विचारलं नाही, की यातले नर किती.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात आमच्या अंगणात तुरे दिसायला लागले. तीन पिल्लांचे झपाट्यानं लाल झाले: नर. एक काळंभोर होतं, अंगात कडकनाथाचं रक्त असावं. त्याचा तुराच काळा, तो लाल कशाचा होणार? त्याचं मानेच्या पिसांवरून कळलं. दहा-बारा आठवड्यांनी नराच्या मानेवर आणि कमरेपाशी लांब, टोकदार, चकाकती पिसं लोंबायला लागतात. मादीची गोल टोकाची राहतात. काळंही नर निघालं. चार झाले. मायनं बोटं मोडून हिशेब केला: चार कोंबडे, पाच तलंगा. गोल अंड्यांची लाज राहिली.

पाचातली एक मायची विशेष लाडकी. जन्मतःच मान उघडी, एकही पीस नाही. खेड्यापाड्यांत अशा उघड्या मानेच्या कोंबड्या असतात आणि उन्हाळा त्यांना सोसतो म्हणतात. तुरा बेताचा, फिकट. कमरेची पिसं बाकीच्यांनी टोचून टोचून उपटलेली. ती भांडायची नाही. दाणे टाकले की मागं थांबायची, सगळ्यांचं झालं की उरलेलं खायची. थोराड कोंबडा जवळून गेला की अंग चोरून भिंतीला लागायची. मायनं तिचं नाव ठेवलं सूनबाई.

"अशी सून पाहिजे," ती ओट्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून म्हणायची. "तोंडातून सबूद न्हाई."

खिडकीच्या आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज यायचा. सव्वीस वर्षांत या दोघी कधी भांडल्या नाहीत. सगळं बोलणं भांड्यांनीच केलेलं आहे.

आखाड लागला आणि हिशेब सुरू झाला. पहिला कोंबडा थोरल्या बहिणीचे यजमान आले तेव्हा. दुसरा आणि तिसरा गावाकडच्या भावकीला, एक बसमधून आणि एक मोटारसायकलवरून. काळा शेजारच्यांनी चांगले पैसे देऊन नेला, कडकनाथ औषधी असतो म्हणून. त्यांना तो अर्धाच कडकनाथ आहे हे मी सांगितलं नाही, आणि त्या क्षणी मला तो मोटारसायकलवाला पहिल्यांदा नीट समजला. राहिला थोराड. त्यानं त्या महिन्यात पेपरवाल्याच्या पोटरीला दोनदा इजा केली होती. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, आखाड संपता संपता, तोही गेला. श्रावण सरल्यावर गावाहून नवा आणू, माय म्हणाली. तोवर अंगणात नुसत्या बायकांचं राज्य.

त्या रात्री डॉक्टर जेवायला होते. रस्सा या वेळी घट्ट होता. जेवता जेवता त्यांनी आणखी एक जपानी गोष्ट सांगितली. तिथल्या संशोधकांनी कोंबड्यांचं आरवणं मोजलं. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटे सगळ्यात आधी आरवण्याचा मान वरच्या क्रमांकाच्या कोंबड्याचा. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. वरच्याला उचलून नेलं, तर दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. तोपर्यंत तो थांबतो. मला हे एखाद्या कार्यालयातल्या पदोन्नतीसारखं वाटलं, आणि मी तसं म्हणालोही. सगळे हसले. माय हसली नाही. तिनं हात थांबवून मागच्या दाराकडं एकदा पाहिलं, आणि मग पुन्हा जेवायला लागली.

पहाटे पाचला मला जाग आली ती आवाजानं. आवाज म्हणजे काय, गंजलेल्या हातपंपाचा दांडा कुणीतरी दाबावा तसं काहीतरी, अर्ध्यावर अडकलेलं. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत. मी मागच्या दारात गेलो. माय आधीच ओट्यावर बसलेली होती. समोर पपईच्या बुंध्याशी, उघडी मान जेवढी लांब होईल तेवढी लांब करून, डोळे मिटून, टाचा उचलून सूनबाई तिसऱ्यांदा आरवत होती. होता.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बायकोच्या हातात चहाची गाळणी होती. तिनं अंगणाकडं पाहिलं, मग मायकडं, आणि अगदी अदबीनं म्हणाली,

"आत्याबाई, सूनबाई बोलल्या."

मायनं वळून भिंतीवरच्या कालनिर्णयकडं पाहिलं. श्रावण शुद्ध प्रतिपदा.

"बोलू दे," ती म्हणाली. "महिनाभर बोलू दे."